‘बासष्ट’ आणि ‘साठ दोन’ : शालेय गणित-विज्ञानातील स्पष्टीकरणाच्या भाषेची चिकित्सा

प्रास्ताविक

शालेय विद्यार्थ्याला गणित आणि विज्ञान यांतील मूलभूत संकल्पना समजावून सांगण्याचे काम आपल्या प्रदेशाला नवे नाही. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (इ. स. ११५०) संस्कृतात असली तरी तिची धाटणी समोर बसलेल्या शिकणाऱ्या व्यक्तीला प्रश्न घालण्याची आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात आढळते. अव्वल इंग्रजीच्या काळात ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर हे स्वतः गणिताचे अध्यापक होते. पुढे मराठी विज्ञान परिषद (१९६६), बालभारती (१९६७) आणि मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (१९७४) या संस्थांनी हे काम संघटितपणे केले. डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांच्यासारखा जागतिक कीर्तीचा शास्त्रज्ञ मराठीत लिहिता राहिला आणि २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्षही झाला.

असे असले तरी मराठी समीक्षेने या लेखनाकडे कसे पाहिले, हा प्रश्न उरतोच. विज्ञानकथेची दखल घेतली गेली, कारण ती कथा होती. संकल्पना उलगडून सांगणारे गद्य, विशेषतः पाठ्यपुस्तकाचे गद्य, समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिले. वस्तुतः महाराष्ट्रातील सर्वाधिक वाचले जाणारे मराठी गद्य तेच आहे. त्यातील एका शब्दाची निवड लक्षावधी मुलांच्या आकलनावर परिणाम करते. २०१९ मध्ये संख्यानामांवरून उठलेल्या वादाच्या निमित्ताने या गद्याची भाषिक अंगाने चिकित्सा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. प्रस्तुत लेखक मराठीचा अध्यापक आहे, गणिताचा नव्हे. त्यामुळे येथील विवेचनाचा भर भाषेवर राहील, हे आरंभीच नमूद करणे उचित ठरेल.

वादाची पार्श्वभूमी

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या नव्या पाठ्यपुस्तकात एकवीस ते नव्याण्णव या संख्यांच्या वाचनाची एक वेगळी रीत देण्यात आली. ‘एकवीस’ म्हणजे ‘वीस एक’, ‘बासष्ट’ म्हणजे ‘साठ दोन’ अशी ती रीत होती. रूढ संख्यानामे पुस्तकातून काढून टाकलेली नव्हती. दोन्ही रूपे दिलेली होती. तरीही वृत्तपत्रांतून आणि विधानसभेतही या बदलावर टीका झाली. काहींनी त्यात मराठीवरील आघात पाहिला, तर काहींनी विनोदाचा विषय केला.

गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर (१९४३-२०२३) होत्या. संख्या-सिद्धांत या शाखेत पीएच. डी. मिळविलेल्या आणि ‘गणितगप्पा’सारख्या पुस्तकांतून मुलांशी गणिताविषयी बोलणाऱ्या या लेखिकेची भूमिका स्पष्ट होती. मराठी संख्यानामांत अंकांचा क्रम उलटा होतो, जोडाक्षरे पुष्कळ येतात, त्यामुळे लहान मुले गोंधळतात आणि गणिताची नावड तेथूनच सुरू होते. इंग्रजीत व दक्षिणेकडील भाषांत दशक आधी उच्चारला जातो, तेव्हा ही सोय मराठी मुलालाही मिळावी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

वाद पुढे विरला. परंतु त्यातून पुढे आलेला प्रश्न विरलेला नाही. तो असा की, संकल्पना समजावून सांगताना भाषा मुलाला मदत करते की आडवी येते? आणि ती आडवी येत असेल तर भाषा बदलावी की भाषा उलगडावी?

मराठी संख्यानामांची घडण

आक्षेप घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी संख्यानामे लक्षपूर्वक तपासली असावीत. ‘दोन’ हा शब्द घेऊ. १२ ते ९२ या दरम्यान एककस्थानी दोन असणाऱ्या नऊ संख्या आहेत : बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. यांपैकी एकाही शब्दात ‘दोन’ ऐकू येत नाही. ‘बा’, ‘ब’, ‘बे’, ‘ब्या’ अशी चार रूपे येतात. ‘तीन’ची ‘ते’, ‘त्रे’, ‘त्र्या’ अशी रूपे होतात. दशकांचेही तसेच आहे. ‘पन्नास’ हा शब्द ‘बावन्न’मध्ये ‘वन्न’ आणि ‘छप्पन्न’मध्ये ‘पन्न’ होतो. ‘साठ’चा ‘सष्ट’ होतो आणि ‘सत्तर’चा ‘हत्तर’.

ही रूपे यादृच्छिक नाहीत. संस्कृत ‘द्वाषष्टि’पासून प्राकृतमार्गे ‘बासष्ट’ आणि ‘द्वासप्तति’पासून ‘बाहत्तर’ असा त्यांचा ऐतिहासिक विकास आहे. एकक आधी व दशक नंतर हा क्रमही संस्कृतातूनच आलेला आहे. भाषाभ्यासकाला या नियमितपणात आनंद वाटेल. परंतु सात वर्षांच्या मुलाला ध्वनिपरिवर्तनाचे नियम ठाऊक नसतात. त्याच्या दृष्टीने शंभरपर्यंतची जवळजवळ प्रत्येक संख्या हे एक स्वतंत्र विशेषनाम असते आणि ते पाठ करण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

क्रमाचा गोंधळ तर याहून सूक्ष्म आहे. मराठी सर्वस्वी ‘उलटी’ असती तरी एक वेळ मुलाला नियम सापडला असता. १२७ ही संख्या आपण ‘एकशे सत्तावीस’ अशी वाचतो. यात प्रथम शतक, मग एकक आणि शेवटी दशक येतो. लिहिताना १-२-७ आणि बोलताना १-७-२. म्हणजे शतकापासून पुढे मराठी मोठ्याकडून लहानाकडे जाते. केवळ शेवटच्या दोन अंकांपाशी ती दिशा बदलते. मराठी अस्मितेच्या नावाने ‘साठ दोन’वर टीका करणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले नाही की ‘आधी मोठे स्थान, मग लहान’ हा क्रम मराठीला परका नाही. ‘एक हजार दोनशे’ म्हणताना आपण तोच पाळतो.

सोलापूरच्या वर्गातील वास्तव

या प्रश्नाला सोलापुरात आणखी एक परिमाण आहे. येथील पूर्व भागात विणकरीशी निगडित असलेला तेलुगू भाषक समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या पट्ट्यांत कन्नड घरोघरी बोलली जाते. उर्दू भाषकांची संख्याही लक्षणीय आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत या साऱ्या घरांतील मुले एका बाकावर बसतात.

कन्नडमध्ये ६२ ला ‘अरवत्तेरडु’ म्हणतात. ‘अरवत्तु’ म्हणजे साठ आणि ‘एरडु’ म्हणजे दोन. तेलुगूत ‘अरवै रेंडु’, पुन्हा साठ आणि दोन. या भाषांतही अकरा-बारा यांसारखी काही रूपे वेगळी आहेत. पण विसाच्या पुढे दशक आधी, एकक नंतर आणि दोन्ही घटक स्पष्टपणे ऐकू येतात. म्हणजे ज्या ‘साठ दोन’ची आपण चेष्टा केली, ती रचना सोलापुरातील हजारो मुले घरातून घेऊनच शाळेत येतात. उर्दू भाषक मुलाची अडचण मात्र मराठी मुलासारखीच असते, कारण ‘बासठ’ आणि ‘बासष्ट’ एकाच कुळातील आहेत.

येथे एक व्यक्तिगत आठवण नोंदविणे अप्रस्तुत ठरणार नाही. प्राथमिक शाळेत प्रस्तुत लेखकाच्या शेजारी पूर्व भागातील एक तेलुगू भाषक मुलगा बसत असे. घरी दोन माग होते. टॉवेलांच्या गड्ड्या तो आपल्या भाषेत बिनचूक मोजत असे. परंतु वर्गात अंकलेखनाच्या वेळी गुरुजींनी ‘बासष्ट’ म्हटले की त्याच्या पाटीवर २६ उमटे, ‘सत्तावीस’ म्हटले की ७२. कानावर जो घटक आधी पडे तो तो आधी लिहीत असे. त्याला चुकलेली संख्या शंभर वेळा लिहिण्याची शिक्षा होई आणि ‘हा गणितात कच्चा’ असा शेरा त्याच्या वाट्याला आला. सातवीनंतर तो मागावर गेला. त्याच्या शाळा सोडण्याचे कारण अंकलेखन होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. घरची परिस्थितीही तशीच होती. पण ज्याला मोजता येत होते त्याला आपल्याला गणित येत नाही असे वाटू लागले, एवढे खरे. त्याची चूक गणिताची नव्हती, भाषांतराची होती. ती ओळखण्याची साधने त्या वर्गात कोणाजवळही नव्हती.

वस्तुतः ती चूकच शिकवण्याचे साधन होऊ शकली असती. ६२ मधून २६ वजा केल्यास ३६ उरतात. ७२ मधून २७ वजा केल्यास ४५. दोन्ही संख्यांना नऊने निःशेष भाग जातो. कोणत्याही दोन अंकी संख्येतील अंकांची अदलाबदल केली तर येणारा फरक नऊच्या पटीतच असतो, कारण एक अंक दशकस्थानावरून एककस्थानी आला की त्याच्या किमतीत नऊपट घट होते आणि दुसऱ्याच्या किमतीत तितकीच वाढ. हिशेबनीस मंडळी हे जाणतात. जमाखर्चाचा मेळ नऊच्या पटीने चुकला की कोठेतरी अंक उलटे लिहिले गेले असावेत, असा त्यांना पहिला संशय येतो. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी चार अंकी संख्यांच्या अशाच अदलाबदलीतून ६१७४ ही जगप्रसिद्ध संख्या शोधली. ७६४१ मधून १४६७ वजा करावेत, ६१७४ च येतात. आणि ६१७४ ही संख्याही नऊची पट आहे. ज्या अदलाबदलीसाठी एका मुलाला शिक्षा झाली, त्याच अदलाबदलीच्या कुतूहलातून एका शाळाशिक्षकाने गणिताच्या इतिहासात स्थान मिळविले. स्थानिक किंमत ही संकल्पना समजावण्याची एवढी मोठी संधी आपण ‘शंभर वेळा लिही’ या वाक्याने गमावतो.

आक्षेपांची तपासणी

२०१९ च्या बदलावरील पहिला आक्षेप भाषाभिमानाचा होता. त्याचे उत्तर आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. भ्रमणध्वनीचा क्रमांक सांगताना सुशिक्षित मराठी माणूस बहुधा इंग्रजीकडे वळतो. मराठी शाळेत शिकलेली मुलेही किंमत ‘सिक्स्टी टू’ अशी सांगतात. याचा अर्थ मराठी संख्यानामे वादाआधीच मागे पडू लागली होती आणि त्याचे एक कारण त्यांची दुर्बोधता हेच आहे. ‘साठ दोन’ला विरोध करणाऱ्याने स्वतःचा क्रमांक कोणत्या भाषेत सांगितला, हे तपासून पाहण्यासारखे आहे. सेमी-इंग्रजीच्या नावाखाली मराठी शाळांतूनच गणित व विज्ञान इंग्रजीकडे सोपविले जात असताना ‘वीस एक’ने मराठी बुडेल ही भीती अनाठायी वाटते.

दुसरा आक्षेप असा की, असे बदल कोठेही होत नाहीत. तोही वस्तुस्थितीला धरून नाही. नॉर्वेमध्ये ‘एक आणि वीस’ अशी मोजण्याची रूढ पद्धत होती. दूरध्वनी क्रमांक सांगताना होणारा गोंधळ हे एक निमित्त झाले आणि १९५१ मध्ये तेथील संसदेच्या निर्णयानुसार ‘वीस-एक’ ही पद्धत अधिकृत करण्यात आली. जर्मन भाषेत आजही एकक आधी उच्चारला जातो आणि तेथेही ही पद्धत बदलावी यासाठी गणिताच्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने २००४ मध्ये एक संघटना स्थापन झाली. तेव्हा ही अडचण मराठीची एकटीची नाही.

मात्र नॉर्वेचे उदाहरण आणखी एक गोष्ट सांगते. निर्णयाला सत्तर वर्षे उलटून गेल्यावरही तेथील बोलण्यात जुनी पद्धत पूर्णपणे नाहीशी झालेली नाही. संख्यानामे कायद्याने जन्मत नाहीत आणि कायद्याने मरतही नाहीत. यातूनच आपण या सुधारणेच्या मर्यादांकडे येतो.

सुधारणेच्या मर्यादा

डॉ. नारळीकर यांचे निदान अचूक होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उपाययोजनेविषयी मात्र तीन मुद्दे विचारात घ्यावे लागतात.

पहिला मुद्दा भाषिक आहे. मराठीत ‘वीसेक रुपये’, ‘तीसेक माणसे’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘सुमारे वीस’, ‘सुमारे तीस’ असा अर्थ असतो. ‘वीस एक’, ‘तीस एक’ ही रूपे कानाला तशीच लागतात. निश्चित संख्येचे नाव अनिश्चिततेच्या वाक्प्रचाराशी जुळावे, ही गणिताच्या दृष्टीने मोठी गैरसोय आहे. लेखी पुस्तकात ती जाणवत नाही, बोलताना जाणवते. पाठ्यपुस्तकाचे गद्य रचताना भाषेच्या अभ्यासकांचाही सल्ला का हवा, याचे हे एक उदाहरण होय.

दुसरा मुद्दा सामाजिक आहे. मूल केवळ शाळेत राहत नाही. आजी ‘बासष्ट’ म्हणते, वाहक ‘बासष्ट’ म्हणतो, भाजीवाली ‘बासष्ट’ म्हणते. ज्याला केवळ ‘साठ दोन’ येते ते मूल बाजारात अडेल. पुस्तकात दोन्ही रूपे असणे म्हणूनच योग्य होते. परंतु एकापासून दुसऱ्याकडे कसे जायचे हा पूल शिक्षकाने बांधायचा होता आणि या बदलामागची कारणे अनेक पालकांपर्यंत पाठ्यपुस्तकाऐवजी वादातूनच पोहोचली.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. रूढ संख्यानामांत अडचणी आहेत तसे गणितही आहे आणि ते आपण उलगडून दाखवीत नाही. ‘एकोणतीस’ या शब्दाची फोड ‘एक ऊन तीस’, म्हणजे तिसाला एक कमी, अशी आहे. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो. नव्याण्णवपाशी मात्र तो थांबतो. हा शब्द फोडून दाखविला तर २९ मध्ये १ मिळविले की ३० होतात हे मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. तीच वजाबाकी ‘पावणेतीन’मध्ये आहे : तिनाला पाव कमी. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन ही अपूर्णांकांची नावे मराठी मुलाच्या कानावर शाळेत जाण्यापूर्वीच पडलेली असतात. जुन्या उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे होते. साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणत. ते घोकंपट्टीने शिकविले गेले हा दोष खराच. परंतु घोकंपट्टी टाकताना आपण त्यातील आशयही टाकला. आज पाचवीतील मुलाला अंश व छेद शिकविताना ‘पावणेतीन म्हणजे किती?’ असा प्रश्न किती वर्गांतून विचारला जातो?

म्हणून ‘बासष्ट’ की ‘साठ दोन’ असा पर्याय निवडण्याची आवश्यकता नाही. दहा-दहाच्या सहा जुड्या आणि दोन सुट्या काड्या. त्यांचे नाव ‘सहा दशक दोन एकक’. त्याचे बोलके रूप ‘साठ दोन’. आणि व्यवहारातील नाव ‘बासष्ट’, ज्यातील ‘बा’ म्हणजे दोन आणि ‘सष्ट’ म्हणजे साठ. या चार पायऱ्या क्रमाने चढविल्या तर संकल्पनाही समजेल आणि शब्दही टिकेल. विडी कामगारांच्या वस्तीतील मुलाला मोजून बांधलेल्या जुड्या काही नव्या नाहीत. तेलुगू वा कन्नड भाषक मुलाला तर दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर वर्गातील इतरांना शिकविण्याचा मान मिळेल. ज्याला ‘कच्चा’ ठरविले गेले, तो तेथे पुढे असेल.

परिभाषेचा प्रश्न : गणिताकडून विज्ञानाकडे

संख्यानामांबाबत जे दिसते तेच पुढील इयत्तांत पारिभाषिक संज्ञांबाबत दिसते. राज्याच्या भाषा संचालनालयाने गणित, भौतिकशास्त्र इत्यादी विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले. ते कार्य मोलाचे आहे. तथापि कोशातील संज्ञा वर्गात आल्यावर तिचे काय होते, याचा विचार वेगळा करावा लागतो.

‘लसावि’ हे उदाहरण पाहू. विद्यार्थी लसावि काढतो. पण लसावि म्हणजे काय हे त्याला अनेकदा सांगता येत नाही. ‘लघुत्तम साधारण विभाज्य’ या नावातील ‘साधारण’ हा शब्द येथे फसवा आहे. बोलीत ‘साधारण दहा’ म्हणजे सुमारे दहा आणि ‘साधारण विद्यार्थी’ म्हणजे बेताचा. संज्ञेतील अर्थ मात्र ‘दोघांचा मिळून’ असा आहे. त्या जागी ‘सामाईक’ शब्द वापरला, आणि तो वापरला जातोही, की अर्थ एकदम उजळतो. सामाईक भिंत, सामाईक विहीर ही प्रत्येक वाड्यातील, प्रत्येक गावातील ओळखीची वस्तू. लसावि हे संक्षिप्त रूपही तसेच राहते. एका शब्दाच्या निवडीने संज्ञा पाठ करण्याची गोष्ट न राहता समजण्याची गोष्ट होते.

विज्ञानात अडचण याच्या उलट असते. तेथे संज्ञा ओळखीची असते आणि अर्थ अनोळखी. ‘कार्य’ हा शब्द घ्या. डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणारा हमाल गुरुत्वबलाविरुद्ध कार्य करीत नाही, हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत व मार्गदर्शकांत नेहमी आढळते. बल आणि त्या बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार म्हणजे कार्य. ओझे वर उचलून धरणारे बल उभे, विस्थापन आडवे. म्हणून त्या बलाने केलेले कार्य शून्य. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने विधान निर्दोष आहे. पण बाजार समितीच्या आवारात पोती वाहणाऱ्याचे मूल वर्गात बसलेले असेल तर ‘हमालाने केलेले कार्य शून्य’ हे वाक्य त्याला कसे ऐकू येईल? येथे शिक्षकाने दोन वाक्ये अधिक बोलली पाहिजेत. एक, व्यवहारातील ‘काम’ आणि भौतिकशास्त्रातील ‘कार्य’ हे वेगळे शब्द आहेत. दुसरे, हमाल थकतो ते खरेच थकणे आहे; ओझे पेलून धरताना स्नायू सतत ताणलेले असतात आणि त्यात शरीरातील ऊर्जा खर्च होते. ही दोन वाक्ये दयेपोटी बोलायची नाहीत. त्यांच्यावाचून स्पष्टीकरण अपुरे राहते आणि विज्ञान खोटे बोलते असा मुलाचा समज होतो.

उष्णतेच्या धड्यालाही हेच लागू पडते. ‘चादर गरम असते’ असे आपण म्हणतो. सोलापुरात चादरीविषयी अज्ञान असण्याचे कारण नाही. तरीही चादर उष्णता देते असाच बहुतेकांचा समज असतो. चादर उष्णता देत नाही. तिच्या विणीत व घड्यांत अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असते, म्हणून अंगातील उष्णता बाहेर जाण्याचा वेग कमी होतो. याचा पडताळा याच शहरातील उन्हाळ्यात मिळतो. बर्फविक्रेता लादी गोणपाटात गुंडाळतो, लाकडाच्या भुशात ठेवतो. चादर खरोखर ‘गरम’ असती तर अशा आवरणाने बर्फ लवकर वितळला असता. दोन बर्फाचे तुकडे, एक उघडा आणि एक चादरीत गुंडाळलेला, एवढ्या साहित्यात हा प्रयोग होतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, अनुदानही लागत नाही.

साधनांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चे ग्लोबल टीचर प्राइज मिळाले आणि पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याच्या त्यांच्या प्रयोगाची जगाने दखल घेतली. जिल्ह्याला अभिमान वाटावा अशीच ही घटना आहे. या यशाचा अर्थ लावताना मात्र आपण सावध असले पाहिजे. कोडमुळे स्पष्टीकरण मुलापर्यंत पोहोचते. ते स्पष्टीकरण कोणत्या शब्दांत असावे हे कोड ठरवीत नाही. पडद्यावरही ‘हमालाचे कार्य शून्य’ एवढेच ऐकू आले तर केवळ माध्यम बदलले, असे म्हणावे लागेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. मराठी संख्यानामांतील अडचण वास्तव आहे. २०१९ च्या बदलामागील निदान योग्य होते आणि त्यावरील भाषाभिमानी टीका बव्हंशी अभ्यासाविना झाली.

२. ‘साठ दोन’ ही रीत रूढ नामाची जागा घेण्यास समर्थ नाही. स्थानिक किंमत व रूढ नाम यांना जोडणारी मधली पायरी म्हणून ती उपयुक्त आहे.

३. रूढ संख्यानामे व अपूर्णांकनामे यांची फोड करून दाखविणे हे भाषेच्या व गणिताच्या शिक्षकांचे संयुक्त काम आहे.

४. सोलापूरसारख्या बहुभाषक जिल्ह्यात मुलांच्या घरच्या भाषा हा गणित-अध्यापनातील अडथळा नसून आधार आहे.

५. विज्ञानातील संज्ञा शिकविताना तिचा व्यवहारातील अर्थ नाकारून चालत नाही. दोन्ही अर्थांतील अंतर बोलून दाखविणे हा स्पष्टीकरणाचाच भाग आहे.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. त्या धोरणाचे यश मराठीतून कसे समजावले जाते यावर अवलंबून राहील. महाविद्यालयीन अध्यापकांनी हा विषय प्राथमिक शाळेचा म्हणून दूर ठेवता कामा नये. आपल्याकडे प्रथम वर्षाला येणारा जो विद्यार्थी ‘सर, मला गणित जमत नाही म्हणून कला शाखा घेतली’ असे सांगतो, त्याची गोष्ट बहुधा दुसरी-तिसरीच्या वर्गातच सुरू झालेली असते. मराठीचा अध्यापक म्हणून प्रस्तुत लेखकाने हे वाक्य अनेकदा ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी त्याला पाटीवरचे ते २६ आठवले आहेत. मराठीचे, गणिताचे आणि विज्ञानाचे अध्यापक एकाच महाविद्यालयात, एकाच छताखाली बसतात. परिसरातील एखाद्या शाळेच्या दुसरीच्या वर्गात त्यांनी वर्षातून काही तास एकत्र बसावे आणि मुलांच्या चुका ऐकाव्यात, एवढी अपेक्षा या लेखाच्या अखेरीस व्यक्त करावीशी वाटते.